रोटरी इंजिनला मोठा टर्बो निवडताना आधी टर्बाईन बघा

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये लेथच्या वरच्या फळीवर एक छोटी डबी आहे. तिच्यात लोखंडाचा एक तुकडा जपून ठेवलाय. दोन मिलिमीटर जाड, करंगळीच्या पेराएवढा लांब. घासून घासून एक कड आरशासारखी गुळगुळीत झालेली, आणि जिथं तुटला तिथं दातेरी. मझदाच्या १३बी इंजिनातल्या अ‍ॅपेक्स सीलचा, म्हणजे तिकोनी रोटरच्या टोकाला बसून वायू अडवणाऱ्या पट्टीचा, तो तुकडा आहे. सील तुटलं, तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडला आणि जाताजाता टर्बाईन व्हीलची तीन पाती वाकवून गेला. गाडी आरएक्स-७, टर्बो नवा कोरा, निवड माझी. टर्बोत एक्झॉस्टचा वायू टर्बाईन फिरवतो, आणि टर्बाईन कॉम्प्रेसर फिरवून इंजिनात जादा हवा कोंबतं. कॉम्प्रेसर किती हवा देतो तेवढं बघून मी तो टर्बो घेतला होता. टर्बाईनच्या हाऊसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, आकार विचारलासुद्धा नव्हता.

मझदाच्या कार आपल्याकडे अधिकृतपणे कधी विकल्या गेल्या नाहीत, त्यामुळे रोटरी गाड्या मोजक्याच. पण ज्याच्याकडे आहे त्याला ती जिवापाड प्रिय असते. म्हणून ही निवड कशी करायची ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी रोटरी वेगळी का, ते समजून घ्या. पिस्टन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. रोटरीत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो, व्हॉल्व्हच नाही. रोटरचं टोक पोर्टवरून सरकलं की वाट एकदम मोकळी होते आणि जळता वायू दाबासकट बाहेर फेकला जातो. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्यानं जळणं उशिरापर्यंत चालू राहतं, त्यामुळे एक्झॉस्टही जास्त तापतो. पूर्ण लोडवर तो ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. म्हणजे टर्बाईन फिरवायला लागणारी ताकद रोटरीत भरपूर आहे. प्रश्न त्या वायूला पुढं जायला पुरेशी वाट देण्याचा आहे.

पायरी १: इंजिनची तब्येत

टर्बोवर पैसा घालण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाताना येणारा दाब, मोजा. साधा गेज इथं फसवतो, कारण प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि गेज फक्त सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तम. नाहीतर गेजमधला दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह काढा, स्टार्टर मारा आणि काटा बघा. तीन उसळ्या एकसारख्या यायला हव्यात. दोन उंच आणि एक बसकी आली तर टर्बोचा विषय तिथंच थांबवा, आधी इंजिन उघडा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथला आकडा किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्के कमी येतो. त्याला घाबरू नका. तिन्ही बाजू सारख्या आहेत का, ते महत्त्वाचं.

पायरी २: हवेचा हिशोब

१३बी म्हणजे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८ सीसी. पण एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेरीला दोन्ही रोटर एकेक चार्ज (हवा-पेट्रोलचा घोट) ओढतात. म्हणजे हवेच्या दृष्टीनं हे इंजिन २.६ लिटरच्या फोर-स्ट्रोकएवढं आहे. ‘१३०० सीसीला छोटा टर्बो पुरे’ असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

समजा ७००० आरपीएमला १ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जादा दाब, हवाय. १.३०८ गुणिले ७००० म्हणजे मिनिटाला सुमारे ९१५० लिटर. इंटरकूलरनंतर (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) हवा ५० अंशांवर असेल तर तिचं वजन घनमीटरला साधारण २.१ किलो भरतं. म्हणजे मिनिटाला १९ किलोच्या थोडं वर, आणि टर्बोच्या तक्त्यातल्या एककात ४२ पाउंड. रोटरी पेट्रोल जास्त पिते, तेव्हा एवढ्या हवेतून साधारण ३८० हॉर्सपॉवर धरावेत. कंपनीनं शेवटच्या वर्षांत आरएक्स-७ ला २८० दिले होते. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी ३८० पुष्कळ झाले.

पायरी ३: टर्बाईन हाऊसिंग

इथं घाई करू नका. हाऊसिंग शंखासारखं असतं, आत जाणारी वाट अरुंद होत जाते. त्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले मध्यापासूनचं अंतर, म्हणजे ए/आर. आकडा लहान तर वाट चिंचोळी. बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला वायू तुंबतो. तुंबला की तापलेला जळका वायू पुढच्या चार्जमध्ये मिसळतो, चार्ज तापतो आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी धडाक्यात पेटणं, सुरू होतं. पिस्टन इंजिन थोडंफार नॉकिंग सोसतं. रोटरीत एक जोराचा नॉकसुद्धा सील तोडायला पुरतो, आणि मग माझ्या डबीतल्यासारखा तुकडा तुमच्या हातात येतो.

उदाहरण घ्या. गॅरेटचा जीटी३५८२आर ०.६३, ०.८२ आणि १.०६ अशा ए/आरमध्ये येतो. दोन लिटरच्या पिस्टन इंजिनाला ०.६३ छान चालतो. १३बी ला मी १.०६ च्या खाली उतरणार नाही. बूस्ट चारपाचशे आरपीएम उशिरा आला तरी चालेल. रोटरीच्या जोरदार धक्क्यांमुळे मोठं हाऊसिंगसुद्धा वाटतं तेवढं आळशी राहत नाही.

दोन वाटांचं हाऊसिंग, म्हणजे ट्विन-स्क्रोल, मिळत असेल तर तेच घ्या. दोन्ही रोटरचे धक्के आलटूनपालटून येतात. प्रत्येकाला स्वतंत्र वाट दिली की ते एकमेकांत अडकत नाहीत आणि मोठ्या हाऊसिंगमुळे गेलेला खालचा जोर बराचसा परत मिळतो. अट एकच: मॅनिफोल्डसुद्धा, म्हणजे इंजिनपासून टर्बोपर्यंतचा एक्झॉस्टचा पाइप, शेवटपर्यंत दुभागलेला हवा. बोर्गवॉर्नरचा ईएफआर ८३७४ रोटरीवाल्यांना आवडतो त्याचं एक कारण हेच. त्याच्या नावातले ८३ आणि ७४ म्हणजे कॉम्प्रेसर आणि टर्बाईन व्हीलचे मिलिमीटरमधले व्यास.

आरएक्स-८ वाल्यांनी मात्र थांबावं. तिच्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये आहेत आणि कॉम्प्रेशन १०:१ आहे, १३बी टर्बोचं ९:१. वरचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका.

पायरी ४: कॉम्प्रेसर

आता कॉम्प्रेसरचा नकाशा उघडा, म्हणजे आडव्या अक्षावर हवा आणि उभ्यावर प्रेशर रेशो असलेला आलेख. इथला हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. फिल्टरमध्ये २ जातात, इंटरकूलर आणि पाइपात ७. तेव्हा १ बार बूस्टसाठी (९५+१००+७) भागिले (९५−२), म्हणजे २.१७ प्रेशर रेशो (बाहेर पडणारा दाब भागिले आत येणारा). मुंबईत तोच २.१ येतो. पन्हाळ्याला अजून चारशे मीटर वर चढलात की टर्बोला तेवढ्याच बूस्टसाठी आणखी जोरात फिरावं लागतं. नकाशावर ४२ पाउंड आणि २.१७ चा बिंदू काढा. तो मधल्या बेटाच्या, म्हणजे कॉम्प्रेसर सगळ्यात कार्यक्षम असतो त्या भागाच्या, उजव्या अर्ध्यात आला तर ठीक, पण अगदी काठावर नको. काठावर हवा तापते, आणि एप्रिल-मे मधल्या दुपारी इथली हवा आधीच तापलेली असते.

पायरी ५: वेस्टगेट आणि मॅनिफोल्ड

वेस्टगेट म्हणजे जादा वायू टर्बाईनला वळसा घालून सोडणारी झडप. एवढा एक्झॉस्ट छोट्या वेस्टगेटमधून निघत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो. बाहेरचा वेस्टगेट घ्या: ६० मिलिमीटरचा एक, किंवा दुभागलेल्या मॅनिफोल्डला ४४-४५ चे दोन. त्याचा पाइप वायूच्या वाहत्या दिशेत जोडा, काटकोनात नको.

मॅनिफोल्डच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत एसजी आयर्न, म्हणजे चिवट ओतीव लोखंड, रोज ओतलं जातं, वेल्डर जाणते आहेत. पण साध्या एसजीवर विसंबू नका, रोटरीच्या तापमानाला ते तडकतं. जाड भिंतीचा स्टेनलेस पाइप घ्या, वेल्डिंग करताना आतून आरगॉन सोडायला सांगा आणि टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर न टाकता वेगळा ब्रॅकेट लावा.

पायरी ६: पेट्रोल, ऑइल, कागद

आरएक्स-७ चे पेट्रोल फवारणारे मूळ इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीचे दोन आणि ८५० चे दोन, मिळून २८०० सीसी. वरच्या हिशोबाला साधं पेट्रोल मिनिटाला सुमारे २३५० सीसी लागतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं येतं. आपल्याच उसाचं असलं तरी त्याचं प्रमाण वेगळं: तेवढ्याच हवेला सुमारे २५०० सीसी लागतं, म्हणजे इंजेक्टर ९० टक्के उघडे, हाताशी काहीच उरत नाही. ते बदला, जुने रबरी पाइप बदला, ९५ ऑक्टेनच भरा आणि ट्यूनिंग पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवरच करून घ्या.

सीलच्या वंगणासाठी टाकीत टू-टी ऑइल घाला, १० लिटरला ५० मिलि. जुन्या स्कूटरला ऑइल मिसळून पेट्रोल भरायचो तसंच, फक्त प्रमाण बरंच कमी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतले बदल येतात. रस्त्यावर चालवायची असेल तर आधी आरटीओत विचारा.

पायरी ७: मोजून खात्री

मॅनिफोल्डला टर्बाईनच्या आधी एक छोटं भोक पाडून तांब्याची नळी जोडा. चारपाच वेटोळी दिली की वायू थंड होतो. तिच्या टोकाला प्रेशर गेज लावा. पूर्ण बूस्टला हा उलटा दाब बूस्टच्या दीडपटीच्या आत असावा. आमच्या त्या गाडीत नवं इंजिन बसवल्यावर, बूस्ट अगदी कमी ठेवून, मी हे पहिल्यांदा मोजलं, तेव्हा तो दुपटीच्या पुढे होता. कॉम्प्रेसर तोच ठेवला, टर्बाईन व्हील नवं घातलं आणि हाऊसिंग दोन आकडे मोठं बसवलं. पुन्हा चालवली तेव्हा काटा बूस्टच्या थोडाच वर येऊन थांबला.