गिटार नसलेला अल्बम: यान हॅमरचा ‘द फर्स्ट सेव्हन डेज’ कसा ऐकावा

यान हॅमर म्हटलं की बहुतेकांना ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकन टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत आठवतं. १९८५ साली ते बिलबोर्डच्या अमेरिकन गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. फ्यूजनचे, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाचे शौकीन त्याला महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा कीबोर्डवाला म्हणून ओळखतात. या दोन ओळखींच्या मध्ये त्याचा १९७५चा हा अल्बम पार दबून गेला.

प्रागमध्ये जन्मलेला हा माणूस १९६८ला सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर अमेरिकेत आला. महाविष्णूतून बाहेर पडल्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या घरच्या स्टुडिओत त्याने हे रेकॉर्डिंग केलं. पियानो, सिंथेसायझर आणि ड्रम्स, सगळं स्वतः वाजवलं. सोबतीला फक्त व्हायोलिनवर स्टीव्ह किंडलर आणि तालवाद्यांवर डेव्हिड अर्ल जॉन्सन.

पहिलं पथ्य: शफल बंद. बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीच्या सात दिवसांवर सात तुकडे आहेत, एकूण साधारण चाळीस मिनिटं. अंधारापासून सुरू होतं आणि क्रम मोडला तर त्यातली चढण हरवते. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर गायबच होतात. साधे हेडफोन पुरतात.

आता मुख्य काम. पहिल्या तुकड्यातला, म्हणजे ‘डार्कनेस’मधला सोलो ऐकताना तुम्ही शपथेवर सांगाल की ही गिटार आहे. अख्ख्या अल्बममध्ये गिटार नाही. मग तो सूर असा वाकतो कसा? माझं शिक्षण पेटीवर झालं. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, निघत नाही हे दुखणं मला ठाऊक आहे, म्हणून हा भाग मी जरा ताणणारच.

हे सोलो ज्यावर वाजवलेत त्या मिनिमूग नावाच्या सिंथेसायझरच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक असतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा चाकावर. चाक ढकललं की सूर चढतो, ओढलं की उतरतो. आजच्या बहुतेक कीबोर्डवरचं चाक सोडलं की स्प्रिंगने आपोआप मध्यावर येतं. जुन्या मिनिमूगला ती स्प्रिंग नाही, परत आणणं वाजवणाऱ्याच्याच हातात. सूर किती वाकवायचा, कुठे रेंगाळायचं, हे सगळं त्या एका अंगठ्यावर.

एक छोटी ओळ निवडा आणि गुणगुणून पाहा. सूर थेट लागतो की खालून घसटत वर येतो? शेवटी स्थिर राहतो की थोडा हलतो? तुमच्याकडे चाकवाला कीबोर्ड असेल तर बेंडची (चाकाने सूर किती वाकेल त्याची) मर्यादा दोन अर्धस्वरांवर ठेवा आणि तीच ओळ काढा. अर्धा पडदा खालून सुरुवात करा, चाक सावकाश सोडा. आणखी एक गंमत: मिनिमूग एका वेळी एकच सूर देतो आणि दोन पट्ट्या दाबल्या तर खालची बोलते. वरची धरून खालची नुसती टपटपवली की थरथरती तान तयार.

मग ड्रम्स. दुसऱ्यांदा ऐकताना कीबोर्डकडे चक्क दुर्लक्ष करा. ड्रम्सवाला आणि सोलोवाला एकच आहे, म्हणून सोलोचा श्वास कुठे संपणार हे ड्रम्सला आधीच कळलेलं असतं. ‘दि ॲनिमल्स’मध्ये हे तपासा. चौथा दिवस, म्हणजे झाडं-वेलींचा तुकडा, तीन मिनिटांच्या आत संपतो. तो मला उरलेल्यांच्या तोडीचा वाटत नाही, पण वगळू नका.

किंडलरचं व्हायोलिन आणि मिनिमूग यांचा घोळ होत असेल तर महाविष्णूचा १९७३चा ‘बर्ड्स ऑफ फायर’ मध्ये लावा. तिथे गिटार, व्हायोलिन आणि कीबोर्ड एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. कोण कोणता हे ओळखायला कान तिथे तयार होतो.

त्यानंतर गिटारवादक जेफ बेकच्या १९७६च्या ‘वायर्ड’मधलं ‘ब्लू विंड’. रचना हॅमरची, सिंथ आणि ड्रम्सही त्याचेच, पण इथे समोर खरी गिटार आहे. पुढच्या वर्षी आलेल्या त्या दोघांच्या लाइव्ह अल्बमवर ‘डार्कनेस’ पुन्हा सापडेल. कोणता सूर तारेचा आणि कोणता चाकाचा, हे तिथे डोळे मिटून ओळखून पाहा.