जुनी गाडी तापतेय? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की मनात पहिला विचार येतो, 'आता थोडंच राहिलंय, पोहोचू कसेबसे.' सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा असतो. तापल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं. ताप हाताबाहेर गेला की हेड बेंड होतं, दोघांमधली सील, म्हणजे गॅस्केट, उडतं आणि फाटक्या पाइपावर भागलं असतं ते काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. काटा चढताना दिसताच एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, सुरक्षित जागा बघून गाडी उभी करा आणि इंजिन बंद करा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच (इंजिनातलं पाणी थंड करणारी जाळी), तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. वर गेलेला काटा एकाएकी खाली पडला तर खूश होऊ नका. सेन्सरभोवती पाणीच उरलेलं नसेल तरीही असं होतं.

उभ्या गाडीचं रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उसळतं आणि तोंड-हात भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटरचा वरचा पाइप हाताला कोमट लागू द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

गाडी नेमकी कधी तापते, हे न बघता पार्ट बदलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. गाडी तापते एवढंच मी मेकॅनिकला सांगितलं, त्याने रेडिएटर बदलायला सांगितला, मी बदलला. आठवड्याभरात पुन्हा तेच. मग एका सकाळी बोनेट उघडून गाडी जागेवरच चालू ठेवली आणि बघत उभा राहिलो. काटा मध्याच्या वर गेला तरी पंखा हलेना. पंख्याला वीज जोडणारा स्विच, म्हणजे रिले, उपसून पाहिला तर त्याचा एक पाय काळा पडलेला, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. नवा रिले बसवला आणि पंखा फिरू लागला. गाडी फक्त गर्दीत तापायची, मोकळ्या रस्त्यावर काटा आपोआप खाली यायचा. हे एक वाक्य मी आधी सांगितलं असतं तर रेडिएटरचे पैसे वाचले असते.

वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. म्हणून गर्दीत तापणारी गाडी पंखा, फ्यूज, रिले किंवा सेन्सरकडे बोट दाखवते. बऱ्याच गाड्यांत एसी लावताच पंखा सुरू होतो. एसीवर फिरतो आणि एरवी फिरत नाही, तर मोटर ठीक आहे, दोष पुढे शोधायचा. याउलट गाडी चढावर किंवा वेगात तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही: रेडिएटर चोक झालाय, पंप कमी पडतोय किंवा खालचा पाइप ओढीने आत चिमटतोय. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढला, वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय किंवा एअर लॉक झालाय, म्हणजे आत हवा अडकलीय.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन नीट गरम होत नाही, इंधन जास्त लागतं आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. रेडिएटरचं झाकणही तपासा. त्याची रबरी सील कडक झाली की दाब टिकत नाही आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, लवकर उकळतं.

'हेड गेलं' म्हटल्यावर लगेच होकार देणं

हेड उतरवायची मजुरी मोठी असते, म्हणून आधी पुरावा मागा. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून मिनिटभरात वरचा पाइप दाबून बघा. पाणी तापायच्या आतच तो टणक झाला असेल तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलला दुधाळ रंग, कुठेही गळती नसताना कूलंट घटणं, ही इतर लक्षणं. नुसत्या ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा थर मात्र फसवा असतो, थंडीत छोट्या फेऱ्यांमुळेही तो जमतो. खात्रीसाठी प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) आणि ब्लॉक टेस्ट करून घ्या. ब्लॉक टेस्टमध्ये निळं रसायन रेडिएटरच्या तोंडाशी धरतात. पेट्रोल इंजिनात जळालेला वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं.

हेड उघडलंच तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं) आणि तड्याची तपासणी करूनच बसवा. नुसतं नवं गॅस्केट टाकून पैसे वाचवले तर तेच काम पुन्हा निघतं. पार्ट, मजुरी आणि मशीनिंग यांचा हिशेब वेगवेगळा लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा. पाण्याचा पंप इंजिनाच्या टायमिंग बेल्टवर (पट्ट्यावर) चालत असेल तर दोन्ही एकत्र बदला, कारण उघडायची मजुरी एकच.

हात आखडता असेल तर झाकण, थर्मोस्टॅट, रिले, पाइप आणि क्लिपा आधी करून घ्या. रेडिएटर बदलण्याआधी साफ करून बघा. हेडचं काम परवडत नसेल तर पैसे जमेपर्यंत गाडी उभी ठेवा. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव टाकलात तर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजू शकतात. साधं नळाचं पाणी आणीबाणीत चालेल, पण नंतर ते काढून, आतली हवा काढत योग्य कूलंट भरा.

काम झाल्यावर पहिले दोन आठवडे रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा आणि खूण करून ठेवा. ती घटत असेल तर गाडी लगेच त्याच गॅरेजला परत न्या, बिल सोबत घेऊन.