अक्षांश-रेखांशांवरून दोन शहरांमधलं अंतर कसं काढायचं

सूत्र एका ओळीचं आहे. ते चुकत नाही. चुकतात ते त्यात घातलेले आकडे, आणि चुकीचं उत्तरसुद्धा बहुतेक वेळा पटण्यासारखं दिसतं. म्हणून आधी आकडे नीट करून घ्या.

अक्षांश-रेखांश दशांश अंशांत हवेत. अंश-मिनिटं-सेकंदांत असतील तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवा. ३५ अंश ४० मिनिटं म्हणजे ३५.६६६७, ३५.४० नव्हे. एवढ्या एका घोळाने अक्षांश जवळपास ३० किमीने सरकतो. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. दशांशानंतर चार अंक पुरतात, कारण चौथ्या अंकाची किंमत जेमतेम ११ मीटर असते.

आता क्रम. नकाशांच्या बहुतेक संकेतस्थळांवर अक्षांश आधी असतो, पण जिओजेसन (नकाशावरची माहिती साठवण्याचा एक प्रकार) फायलींत रेखांश आधी येतो. टोकियोची अदलाबदल झाली तर १३९ हा ‘अक्षांश’ लगेच खटकतो, कारण अक्षांश ९० च्या पुढे जाऊच शकत नाही. कैरोचं तसं नाही. ३०.०४४४ आणि ३१.२३५७ उलटे टाकले तर बिंदू सुमारे १७५ किमी सरकून थेट अलेक्झांड्रियापाशी जाऊन पडतो. इजिप्तमध्येच असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

सूत्र हॅव्हरसाइनचं वापरा:

ह = साइन²(अक्षांशांतला फरक ÷ २) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × साइन²(रेखांशांतला फरक ÷ २)

अंतर = २ × ६३७१ × आर्कसाइन(√ह)

६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या किलोमीटरमध्ये. आर्कसाइन म्हणजे साइनवरून उलट कोन काढणं; तो कोन इथे रेडियनमध्ये हवा (१८० अंश म्हणजे ३.१४१६ रेडियन). सागरी मैलांत उत्तर हवं असेल तर शेवटी १.८५२ ने भागा.

टोकियो (३५.६७६२, १३९.६५०३) ते सॅन फ्रान्सिस्को (३७.७७४९, −१२२.४१९४) करून पाहू. अक्षांशांतला फरक २.०९८७, त्याचा अर्धा १.०४९४ अंश, साइनचा वर्ग ०.०००३४. दोन्ही कोसाइनचा गुणाकार ०.६४२०८. रेखांशांतला फरक २६२.०६९७, अर्धा १३१.०३४९, साइनचा वर्ग ०.५६८९८. यावरून ह = ०.३६५६७, वर्गमूळ ०.६०४७१, आर्कसाइन ०.६४९४० रेडियन. त्याला १२,७४२ ने गुणलं की ८,२७५ किमी.

इथे २६२ अंशांचा फरक पाहून दचकायला होतं. टोकियोहून पॅसिफिक ओलांडून गेलं तर तो ९७.९३ अंशच आहे. पण साइनच्या वर्गाला दोन्ही सारखेच, त्यामुळे आंतरराष्ट्रीय वाररेषेची काळजी सूत्र आपणहून घेतं. सपाट नकाशाचं गणित ती घेत नाही. एका अंशाला १११.२ किमी धरून, मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने रेखांश आखडून पायथागोरस लावला, तर हेच अंतर २३,००० किमीच्या वर जातं. गोलावरचे कोणतेही दोन बिंदू २०,०१५ किमीपेक्षा लांब असूच शकत नाहीत. फरक ९७.९३ करून घेतला तरी ८,७३१ किमी येतात, म्हणजे साडेपाच टक्के जास्त. कारण हे गणित जवळजवळ अक्षवृत्ताच्या कडेकडेने जातं, तर सर्वांत जवळची वाट बृहद्‌वृत्ताची असते (पृथ्वीचे दोन समान भाग करणारं वर्तुळ) आणि ती या जोडीसाठी ४८ अंश उत्तरेच्याही वर चढून खाली उतरते. शंभर-दोनशे किमीपर्यंत, ध्रुवांपासून दूर, सपाट पद्धत खुशाल वापरा. त्यापुढे वेळ वाचवण्यात हशील नाही.

सगळ्यात जास्त गंडणारी जागा म्हणजे रेडियन. एक्सेल आणि बहुतेक संगणकभाषा कोन रेडियनमध्येच घेतात. अंश तसेच दिले तरी त्या तक्रार करत नाहीत; शून्य ते २०,०१५ मधला कुठला तरी आकडा मुकाट्याने देतात. म्हणून खऱ्या शहरांआधी (०, ०) आणि (१, ०) हे बिंदू टाका. १११.१९ आलं पाहिजे. ६३७१ आलं तर रूपांतर राहिलं आहे. मग (०, ०) आणि (०, ९०): १०,००८ आलं पाहिजे. हातातल्या कॅल्क्युलेटरवर उलटं होतं. तो अंशांवर असेल तर साइन-कोसाइन बरोबर येतात, पण आर्कसाइनही अंशांतच येतो. वरच्या उदाहरणात ३७.२०८. त्याची दुप्पट करून ६३७१ ऐवजी १११.१९५ ने गुणा.

आर्कसाइनच्या जागी दोन किमती घेणारं अ‍ॅटॅन-टू वापरत असाल, तर बहुतेक संगणकभाषांत √ह आधी आणि √(१ − ह) नंतर येतं. एक्सेलमध्ये नेमका उलट क्रम. तो चुकला तर टोकियो-सॅन फ्रान्सिस्को ११,७४० किमी दिसतं, म्हणजे २०,०१५ मधून खरं अंतर वजा केलेलं.

आर्ककोसाइनचं एक आटोपशीर सूत्रही सगळीकडे दिसतं. लांबच्या शहरांना ते चालतं. पण बिंदू अगदी जवळ आले की कोसाइन १ ला टेकतो आणि अचूकता जाते. एकच शहर दोनदा आलं तर कधी कधी पूर्णांकनामुळे १ च्या किंचित वर जाऊन चूकच दाखवतं. मोठ्या तक्त्यात अशी ओळ हमखास सापडते. हॅव्हरसाइनच बरं.

पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे: विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किमी, ध्रुवीय ६३५६.७५२. तिला गोल मानल्याने साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहते, म्हणजे ८,००० किमीला जास्तीत जास्त ४० किमी. एवढी चालत नसेल तर लंबगोलाची पद्धत घ्या. विन्सेंटीची १९७५ ची पद्धत प्रसिद्ध आहे, पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या बिंदूंना तिचं उत्तर स्थिरावत नाही आणि फेऱ्या संपतच नाहीत. कार्नी यांच्या २०१३ च्या पद्धतीत ती अडचण नाही आणि जिओग्राफिकलिब या मोफत संग्रहात ती तयार मिळते. स्वतः लिहीत बसू नका.

शहराचा ‘मध्य’ प्रत्येक यादीत वेगळा असतो: कुठे नगरभवन, कुठे मुख्य स्थानक, कुठे हद्दीचा भौमितिक मध्य. मोठ्या शहरात यांत सहज काही किलोमीटरचा फरक पडतो. तेव्हा सगळी शहरं एकाच यादीतून घ्या आणि उत्तर पूर्ण किलोमीटरमध्ये लिहा. हे अंतर हवाई आहे. रस्त्याचं हवं असेल तर रस्त्यांचं जाळं असलेला नकाशाच लागतो, कुठल्याही ठरावीक गुणकाने ते निघत नाही.