कथा अडते कुठे? या चुका टाळा

दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, आणि 'यंदा काही सुचतच नाही रे' असे फोनही तेव्हाच येऊ लागतात. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे रडगाणं चालू असावं. माझा अनुभव मात्र असा की, सुचत नाही म्हणणाऱ्याच्या वहीत बरंच काही असतं. ते टिपलेलं चुकीचं असतं, इतकंच.

माझ्याच जुन्या वहीतली ही नोंद बघा: 'एसटीत एक म्हातारी भेटली. फार गलबलून आलं. यावर कथा होईल.' तीन वर्षांनी यातून काय होणार, कप्पाळ! गलबलून कशाने आलं, ते लिहिलंच नाही. म्हातारी तिच्या थांब्यावर उतरून गेली, माझं गलबलणं तेवढं वहीत राहिलं.

नशिबाने तेव्हा शेजारी बसलेल्या मित्राला सगळं लख्ख आठवत होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, म्हणून कंडक्टरने आधारकार्ड मागितलं. आजींनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून रुमाल आणि रुमालातून कार्ड काढलं. दुसऱ्या हाताने वीसची नोट पुढे केली. 'आजी, पैसे नाही लागत तुम्हाला.' 'ठाव हाय. पर फुकट बसल्यावर खिडकी कशी मागू?'

नोंद करायची ती ही. हात काय करत होते, कोणती वस्तू होती आणि माणूस नेमकं काय बोललं. तेही त्याच दिवशी, कारण रात्रीतून वाक्य बदलतं. 'खिडकी कशी मागू'चं सकाळपर्यंत 'मला फुकटचं नको' होतं आणि कथा हातची जाते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात-शेतात काम करताना त्या जे गायच्या, ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी उतरवून घेतलं, म्हणून त्यांच्या मागे 1952 साली पुस्तक निघू शकलं. आपल्यामागे वही घेऊन कोण फिरणार? आपलं आपणच लिहायचं.

दुसरी चूक मोठ्या विषयाची वाट बघण्याची. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीत आहे काय? धनगरांची एक वाडी, एक कोवळा मास्तर, बंद पडलेली शाळा, गावाने बांधलेली तालीम, मग दुष्काळ. माडगूळकरांनी वाडीची शीव फारशी ओलांडलेलीच नाही.

भाषेचं म्हणाल तर गावाकडचं पात्र आलं की सरसकट 'आरं', 'काय रं' पेरणं थांबवा. मालवणचा माणूस 'खंय' विचारतो, कोल्हापूरचा 'कुठं'. जी बोली कानावर नाही, ती लिहू नये. साध्या मराठीत लिहून लय तेवढी पकडावी.

नात्यातली माणसं उचलताना मात्र जपून. मी एकदा आत्यावर लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, नाकाला तीळही दिला. आत्याने ओळखलं ते मिसरीच्या डबीवरून. डबीचं झाकण रबराने बांधलेलं होतं आणि मी ते रबरासकट लिहिलं होतं. दोन दिवाळ्या ती माझ्याशी बोलली नाही. आता मी दोन-तीन माणसांचं मिळून एक करतो, आणि डबी दुसऱ्याच कुणाला तरी देतो.

एवढं करूनही कथा मध्येच अडली, तर ती भलत्याच माणसाच्या तोंडी नाही ना, ते तपासा. माझी एसटीची कथा तीनदा चौथ्या पानावर बसली. प्रत्येक वेळी मी ती माझ्याच सीटवरून सांगत होतो, आणि मला करायला काहीच नव्हतं. बघायचं आणि गलबलायचं. मग ती कंडक्टरला दिली. त्याच्या बॅगेत तिकिटांपेक्षा जास्त रोकड सापडली तर तोच अडचणीत येतो. नोट परत करावी तर आजी खिडकी सोडून उभ्या राहतात. चौथं पान मागे पडलं. आजींची वीसची नोट सध्या त्याच्या मुठीत आहे, आणि पुढच्या थांब्यावर चेकिंगवाले चढलेत.