हँडलबार बदलल्यावर हॉर्न गेला? आधी हे बघा

नवा हँडलबार बसवल्यावर हॉर्न किंवा इंडिकेटर बंद पडला, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. गाडी डबल स्टँडवर घ्या, चावी फिरवा आणि हॉर्न दाबून धरून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. एका बाजूला आवाज तुटला, तर वायर तिथे ताणली किंवा दाबली जातेय. हँडल जुन्यापेक्षा उंच असेल तर मूळ वायरिंग लांबीला कमी पडू शकते.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत माझा हेडलाइट लुकलुकायचा. स्विचचा डबा उघडला, तर त्याच्या आतल्या पिनसाठी नव्या हँडलबारच्या नळीला भोकच नव्हतं. डबा तसाच आवळल्यामुळे एका वायरचं प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं.

सेल्फ लागत नसेल तर क्लच लिव्हरजवळचा स्विच बघा. त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, जोडायचा हमखास राहतो. फ्यूज सारखा उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी २० चा मुळीच घालू नका, फ्यूज वाचेल पण वायरिंग जळेल. आणि ठाण्याच्या पावसात नुसत्या चिकटपट्टीवर भागत नाही. वायरचा जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.