फौजींचा एकच कान जास्त गेलाय? स्कॅन ठरवताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात बसून मी रोज ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, काढते. निवृत्त फौजी बरेच येतात, कळव्याहून, दिव्याहून, मूळचे बहुतेक सातारा-सांगलीकडचे. दोन कानांच्या रेषा वेगळ्या दिसल्या की जुन्या कागदावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, 'आवाजामुळे बहिरेपणा'. पुष्कळदा ते बरोबर असतं. पण "फौजी आहे, मग बंदुकीनेच गेला" म्हणून फाईल मिटवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती अजून रोज होते.

उजव्या खांद्याला रायफल लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे जास्त मार सहसा डाव्या कानाला बसतो. आलेखात ३००० ते ६००० हर्ट्झच्या, म्हणजे बारीक-उंच आवाजांच्या, दरम्यान खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा परत वर येते. बाजू आणि खड्डा दोन्ही जुळले, तरच मी बंदुकीला दोष देते.

काही वर्षांपूर्वी जुलैत एक सुभेदार काका आले, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेले. म्हणाले, "मॅडम, उजव्या कानाला फोन लावला की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." आधी दाखवलं होतं तिथे आवाजाचं निदान करून श्रवणयंत्र दिलं होतं. माझ्या तपासणीत उजवा कान डाव्यापेक्षा २० डेसिबलने खाली, खड्डा नाही, रेषा ८००० पर्यंत उतरतच गेलेली. शब्द ओळखण्याच्या चाचणीत डावीकडे ९२ टक्के, उजवीकडे ४४. दाराशी त्यांची लांब छत्री टेकवलेली होती. ती हातात दिली आणि म्हटलं, "काका, नेम धरून दाखवा." त्यांनी ती सहज उजव्या खांद्याला लावली. म्हणजे आडोशाचाच कान जास्त गेला होता! शिवाय तो गेल्या दोन वर्षांत उतरला होता, आणि आवाजाने झालेलं नुकसान आवाज थांबल्यावर सहसा पुढे वाढत नाही. ईएनटी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. एमआरआयमध्ये तोल सांभाळणाऱ्या नसेवर गाठ निघाली, व्हेस्टिब्युलर श्वॅनोमा. कर्करोग नव्हता, वाढही सावकाश असते, पण गाठ लहान असताना कळली असती तर कान वाचवायला जास्त वाव होता. काकू एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं आम्ही नुसते मशीनचे सेल बदलत होतो हो." तेव्हापासून माझ्या खोलीत एक लांब छत्री कायम असते. तोंडी विचारलं तर माणूस लिहायचा हात सांगतो, खांदा सांगत नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट. थोडा फरक दिसला की धाड एमआरआय! अशा स्कॅनमध्ये शंभरात मोजक्यांनाच गाठ सापडते, आणि बाकीच्यांची झोप मात्र उडते. एखाद्याच ठिकाणचा १० डेसिबलचा फरक पुष्कळदा तपासणीतल्या चुकीचाच असतो. लगतच्या दोन फ्रिक्वेन्सींना फरक १५ किंवा जास्त असेल, तर मी दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा मोजते. काही ठिकाणी मर्यादा २० धरतात, मी १५ धरते आणि ३००० हर्ट्झच्या फरकाकडे जास्त लक्ष देते. फरक टिकला आणि बाजू, आकार, शब्दांचे टक्के, एकाच कानात गुंईं आवाज किंवा चालताना झोक जाणं, यातलं काही बंदुकीशी जुळेना, तर स्कॅनसाठी पाठवायचंच.

मास्किंग, म्हणजे चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवणं, न करता मोजणं मला अजिबात सहन होत नाही. हेडफोनवर साधारण ४० डेसिबलचा फरक झाला की चांगला कान कवटीतून आवाज चोरून ऐकतो आणि बिघडलेला कान कागदावर बरा दिसतो. नवशिकी मुलं "मॅडम, बाहेर गर्दी आहे" म्हणून हे टाळतात. पाच मिनिटं वाचतात, आणि पूर्ण बहिरा कान 'मध्यम' म्हणून नोंदला जातो.

मळ काढल्याशिवाय मोजू नका. फायरिंग रेंजवरून आलेल्याला त्याच दिवशी मोजू नका, कान रात्रभर शांत राहू द्या. बेरा (आवाज ऐकवून कानाच्या नसेचे विद्युत संकेत मोजणारी चाचणी) नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका, १ सेंटिमीटरखालच्या गाठी तिच्यातून निसटतात. सीटी स्कॅनमध्येही लहान गाठ दिसत नाही.

तीन दिवसांच्या आत एक कान अचानक गेला असेल, तर ती सर्दी समजून थेंब देत बसू नका. त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवा. स्टेरॉइड लवकर सुरू व्हावं लागतं, एमआरआय नंतर होईल.

आणि फौजीला एमआरआयला पाठवताना "ऑपरेशन झालंय का?" एवढंच विचारू नका. त्याला ते नाही आठवत. "स्प्लिंटर, धातूचा तुकडा आत राहिलाय का, डोळ्यात कधी कण गेला होता का?" असं विचारा. माझ्यासमोर एकाने आधी सरळ 'नाही' म्हटलं, मग बाही वर केली आणि दंडावरची टणक गाठ माझ्या बोटाखाली दिली. एमआरआयचं चुंबक आतला धातू हलवू शकतं, म्हणून चिठ्ठीवर पहिली ओळ मी तीच लिहिली, म्हणजे आधी एक्स-रे निघेल.