भिंतीवरची जुनी वेल छाटताय? या चुका टाळा

वाशीला आमच्या रो-हाउसच्या कोपऱ्यावर मधुमालती आहे, १५-१६ वर्षांची तरी असेल, खालचं खोड मनगटाएवढं जाड. २ वर्षांपूर्वी जुलैत रात्री धो धो पाऊस चालू असताना ती अख्खी, पावसाच्या पाण्याचा पाइप क्लॅम्पसकट उखडून, खाली आली. सकाळ असती तर आई तिथेच तुळशीला पाणी घालत असती. आणि आम्ही ती दरवर्षी छाटत होतो, म्हणजे छाटतोय असं आम्हाला वाटत होतं.

चूक तीच जी सगळीकडे बघतो. कात्री घ्यायची आणि बाहेर आलेला हिरवा भाग तेवढा कापायचा. वेल टापटीप दिसते, पण शेंडा कापला की त्याच्या खालून दोन-तीन फुटवे येतात, म्हणजे दरवर्षी वरचा भाग अजून दाट, आणि आत ऊन जात नाही म्हणून काड्या वाळतात, पाला साठतो, उंदीर घर करतात, मग पावसात तो सगळा गठ्ठा पाणी धरून बसतो आणि वजन येतं पाइपवर नाहीतर पत्र्यावर.

छाटणी खालून सुरू करा. बुंध्याशी बसून सगळ्यात जुनी खोडं शोधा, त्यातली साधारण एक तृतीयांश जमिनीपासून फूट-दीड फुटावर करवतीने कापा, बाकीची पुढच्या दोन वर्षांत. कापलेलं खोड लगेच खेचायचं नाही!! ८-१० दिवस तसंच ठेवा, पानं सुकली की ते वर कुठपर्यंत गेलंय ते आपोआप दिसतं, मग तुकडे करून काढा. आईला भीती होती की बुंध्याला हात लावला तर वेल जाईल. नाही गेली, मधुमालती नवीन फुटीवरच फुलते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक छाटली तरी चालते. फक्त आधी आत बुलबुलचं घरटं आहे का बघा, असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

पण हाच महिना सगळ्या वेलींना लावू नका. संक्रांत वेल डिसेंबरात साफसफाई म्हणून कापली की जानेवारीतली केशरी फुलं गेलीच समजा, ती फुलून गेल्यावरच छाटायची. बोगनवेलीचा बहर ओसरला की पावसाच्या आधी. भर पावसात जाड खोडं कापू नका, आपल्याकडच्या दमट हवेत जखम सुकत नाही, बुरशी लागते. मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण, घरी अर्थात त्याचा दहावा भाग पुरतो.

भिंतीला चिकटणारा फायकस वेगळं प्रकरण. ओला असताना ओरबाडला की रंग आणि कधी प्लास्टरही घेऊन येतो. बुंधा कापा, दोन-तीन आठवडे वाळू द्या, मग सोला, उरलेली मुळं तारेच्या ब्रशने. त्याच्या फांद्या भिंत सोडून आडव्या बाहेर यायला लागल्या, पानं मोठी जाड झाली की वेल प्रौढ झाली, त्या फांद्या लगेच काढा, वजन त्यांचंच असतं. चीक अंगाला खाजतो, हातमोजे घाला.

खिडकीच्या ग्रिलमध्ये वेल कधीच विणू देऊ नका, बोटाएवढी असते तेव्हा छान दिसते, मनगटाएवढी झाली की ग्रिल वाकवते. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि कौलांपासून फूटभर लांबच. विजेच्या तारेला लागली असेल तर स्वतः कात्री लावायची नाही, आधी महावितरणला कळवा. वेल आंब्यावर चढली असेल तर वेल काढा पण आंब्याची फांदी तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

अजून एक, वेलीच्या आड भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवतो, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, आणि आपण वेलीबरोबर त्याचाही नुसता शेंडा उडवतो. मुळं आत जाडच होत राहतात. रोप वीतभर असतानाच मुळासकट काढा आणि भेग सिमेंटने भरा.

छाटल्यावर बोगनवेलीला नुसती पानंच येत असतील तर खत बंद करा, युरिया तर नकोच, आणि पाणी तोडा, जमिनीतल्या जुन्या वेलीची माती चांगली सुकू द्या. रोज ५-६ तास थेट ऊन मिळतंय का तेही बघा, समोर नवीन टॉवर उभा राहून सावली आली असेल तर कितीही छाटा, फुलं कमीच येणार, तिथे मनी प्लांट लावलेला बरा.